पाय वाजता कामा नये

भाचीला आणायला मी त्या दिवशी खो-खोच्या मैदानावर जरा लवकर पोहोचले. नुकतेच पाणी मारून झाले होते आणि ओल्या मातीचा वास सगळीकडे भरून राहिला होता. खांबापासून थोड्या अंतरावर, शाळेच्या कुठल्याशा वर्गातून उचलून आणलेला एक जुना बाक मांडलेला होता आणि बारा ते सोळा वर्षांच्या मुली एकामागून एक त्यावर चढून खाली उड्या मारत होत्या. त्यांचे सर बाकाकडे पाठ करून, कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे पाहत उभे होते. ते उड्या बघत नव्हते, नुसत्या ऐकत होते. "वाजला," असे ते म्हणायचे आणि ती मुलगी निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची. पुढची उतरायची. "वाजला." मग एखादी अशी अलगद उतरायची की सर काहीच बोलायचे नाहीत, आणि ती खुशीत बाजूला होऊन पाणी प्यायला जायची. माझी भाची बराच वेळ रांगेतच फिरत राहिली. अखेर सर वळले आणि म्हणाले, "पोरींनो, पाय वाजता कामा नये. गुडघा बिघडतो त्यानं."

वाक्य साधे होते आणि त्याचे कारणही त्याच दमात सांगून झाले होते. तरीही ते मला टोचले. आमच्या जुन्या घरात माडीवर जाणारा लाकडी जिना होता आणि त्यावरून कोण येते-जाते हे स्वयंपाकघरात बसलेल्या आजीला न बघता कळायचे. भाऊ दोन-दोन पायऱ्या गाळत धडधडत खाली आला तर "पडशील रे" एवढ्यावर भागायचे; मी तसेच उतरले तर "मुलीच्या जातीनं पाय आपटत चालू नये" हे ठरलेले असायचे. त्याच्या जोडीला गुडघे जुळवून बस, पाय पसरू नकोस, फ्रॉक सारखा कर, ही सगळी मालिका. या सूचना इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की त्यांचा राग येण्यासाठीसुद्धा आधी मोठे व्हावे लागले. आता कुठे त्या भावाची मुलगी हाफपँट घालून बिनधास्त मातीत बसू-लोळू लागली आहे, तर तिथेही कोणीतरी तिचे पाय वाजतात का याकडे कान लावून उभे आहे. परतताना गाडीवर मागे बसून ती उड्यांबद्दल काहीबाही सांगत होती, आणि मला ते एकच वाक्य आलटून पालटून दोघांच्या आवाजात ऐकू येत होते.

पुढच्या खेपेला मी सरांना याबद्दल विचारले. माझ्या आजीत आणि जिन्यात त्यांना रस असण्याचे कारण नव्हते. त्यांनी दोन मुठी एकमेकींवर ठेवल्या. "ही मांडी, ही नडगी. आवाज आला म्हणजे पाय ताठ होता, ताई. ताठ पायानं उतरली की दणका गुडघ्यात. वाकून उतरली की तोच दणका मांडी आणि कंबर वाटून घेते." मग वरची मूठ तशीच धरून खालची त्यांनी जरा पुढे सरकवली आणि थोडीशी पिळली. "आणि असं झालं, की गेलं लिगामेंट."

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये, सांध्याच्या अगदी आत, एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, असतात. त्यांतल्या पुढच्याला डॉक्टर आणि खेळाडू सर्रास एसीएल म्हणतात. नडगीला पुढे घसरू न देणे आणि गुडघा पिळवटू न देणे ही त्याची कामे. सरळ धावणाऱ्याला त्याची फारशी आठवण होत नाही. धावता धावता थांबणाऱ्याला, वळणाऱ्याला आणि उडी मारून उतरणाऱ्याला मात्र त्याच्याशिवाय चालत नाही. खो-खो हा तर सगळा वळण्याचाच खेळ आहे. आठ जणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून पाट्यांवर बसलेल्या असतात आणि त्यांच्यामधून पळणारी नागमोडी निघते. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की तिला मागे फिरता येत नाही, म्हणून तिला एका बाजूला झुकवून आपण दुसऱ्या बाजूला निसटणे हेच पळणारीचे सगळे कसब. ही हूल देताना तळवा जमिनीत रोवलेला असतो, धड भलतीकडे वळलेले असते आणि या दोघांच्या ओढाताणीत गुडघा सापडतो. खांबाला वळसा घालतानाही तेच. पाटीवरची मुलगी पाठीत 'खो' बसताच उसळून उठते, तेव्हा तिचे पहिले पाऊलच तिरके पडते. आपण टाळ्या वाजवतो त्या बहुतेक क्षणी कोणाचा ना कोणाचा गुडघा याच अवस्थेतून जात असतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सुखरूप बाहेर येतो.

येत नाही तेव्हा कोणी ढकललेले नसते. जगभरात नोंदलेल्या अशा दुखापतींपैकी दहातल्या सुमारे सात कोणाचाही थेट धक्का न लागता झालेल्या असतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी महिला खेळाडूंच्या अशा प्रसंगांच्या चित्रफिती चौकट-चौकट तपासल्या. पाय जमिनीला लागल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत गुडघा आत झुकलेला, नडगी पिळवटलेली आणि लिगामेंट तुटलेले असते, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या टीव्हीवर सेकंदाला २५ चौकटी दाखवल्या जातात. हा खेळ त्यांतल्या एका चौकटीचा आहे. धोका डोळ्यांना दिसावा, मेंदूने ठरवावे, पायाला निरोप पोहोचावा आणि मग स्नायूंनी गुडघा सावरून धरावा, याला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे त्या क्षणी सावरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जे काही सावरायचे ते पाय अजून हवेत असताना, आणि तेही विचार न करता, झालेले असले पाहिजे. बाकावरून मारलेल्या त्या कंटाळवाण्या उड्या यासाठी होत्या.

बॅडमिंटन बघणाऱ्यांना २०१९ च्या जानेवारीतला जकार्ताचा अंतिम सामना आठवत असेल. सायना नेहवालसमोर कॅरोलिना मरिन पहिल्याच गेममध्ये पुढे होती. एका उडीनंतर ती उतरली, गुडघा धरून खाली बसली आणि रडत बाहेर गेली. विजेतेपद सायनाला मिळाले, पण त्या दिवशी ते कोणालाच साजरे करता आले नाही. मरिनचा तो उजवा गुडघा होता. २०२१ मध्ये डावा गेला आणि टोकियो हुकले. २०२४ ला पॅरिसमध्ये उपांत्य सामन्यात आघाडीवर असताना पुन्हा उजवा. आपल्याकडे दीपा कर्माकरवर २०१७ मध्ये याच लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. विनेश फोगटने रिओच्या मॅटवर गुडघा गमावला आणि २०२३ मध्ये पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागल्याने तिची हांगझोची आशियाई स्पर्धा गेली. एवढ्या मोठ्या नावांच्या मागे डॉक्टरांचा, फिजिओथेरपिस्टचा ताफा तरी असतो. तालुका पातळीवर खेळणाऱ्या मुलीच्या मागे एक सर असतात आणि बर्फाची पिशवी, तीही उसाच्या रसाच्या गुऱ्हाळातून मागून आणलेली.

ही सगळी नावे बायकांचीच निघाली, हे मी ठरवून केलेले नाही.

एकाच प्रकारचा खेळ खेळणाऱ्या मुलग्यांच्या मानाने मुलींना ही दुखापत होण्याचे प्रमाण दुपटी-तिपटीचे, काही अभ्यासांत त्याहूनही अधिक, आढळले आहे. साधारण बारा-तेराव्या वर्षांपर्यंत हा फरक विशेष जाणवत नाही. नंतर दोघांचीही उंची झपाट्याने वाढते. हाडे लांबतात, शरीराचा तोल वर सरकतो. मुलग्यांच्या बाबतीत या वाढीबरोबर स्नायूंची ताकदही आपसूक येते, मुलींच्या बाबतीत ती तेवढी येत नाही. ती कमवावी लागते. कटिभागाची रुंदी, सांध्यातल्या खाचेचा आकार, संप्रेरके अशी आणखीही कारणे चर्चेत असतात, पण मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांचे काही करता येत नाही. उतरताना पाय ताठ ठेवायचा की वाकवायचा, गुडघा आत पडू द्यायचा की पायाच्या बोटांच्या रेषेत धरायचा, हे मात्र शिकवता येते. आणि नेमका इथेच मला पुन्हा आजीचा जिना आठवतो. सर मुलींना सांगतात, "गुडघे एकमेकांना चिकटवू नका." लहानपणापासून उभे राहताना, बसताना, फोटो काढताना जे जुळवून ठेवायला शिकवले गेले, तेच आता लांब ठेवायचे. आजीच्या शिकवणीने लिगामेंट तुटतात असे मी म्हणणार नाही. तसे कोणी सिद्धही केलेले नाही. परंतु २०२१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आलेल्या एका लेखात, मुलींच्या या दुखापतींचे खापर सतत त्यांच्या शरीररचनेवर फोडण्याआधी त्यांना लहानपणी खेळायला, पडायला, वजन उचलायला किती मिळते हेही पाहा, असा आग्रह धरलेला आहे. तो मला पटतो. भाऊ सहाव्या वर्षी शेजारच्या भिंतीवरून उड्या मारत होता आणि त्या वयापासून त्याचे शरीर उतरणे शिकत होते. मी त्या वेळी भिंतीच्या अलीकडे उभी राहून त्याच्या चपला सांभाळत होते.

माझी एक मावसबहीण शाळेत असताना कबड्डी खेळायची. उंच, हाडापेराने मजबूत, आणि चढाईत अशी चपळ की समोरच्या कोपऱ्यातली मुलगी घोटा धरायला वाकेपर्यंत ती मध्यरेषेकडे निघालेली असायची. एकदा अशीच उडी मारून परतताना ती एका पायावर उतरली आणि "कट्" असा आवाज तिने स्वतः ऐकला. तो आवाज नंतर ती कित्येक वर्षे हुबेहूब काढून दाखवत असे. रात्रीपर्यंत गुडघा टम्म सुजला. घरातल्या मोठ्यांनी निदान केले की वाटी सरकली. आंबेहळदीचा लेप झाला, शेजारच्या गावातला चोळणारा झाला, आणि तीन-चार आठवड्यांत सूज उतरून ती चालू लागली. तिथेच सगळ्यांची फसगत झाली, कारण हे लिगामेंट तुटल्यावरही माणूस सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी चालू शकतो. ती पुन्हा मैदानावर गेली आणि वळताना गुडघा निसटला. पुन्हा गेली, पुन्हा निसटला. अशा प्रत्येक निसटण्यात दोन हाडांमधली मऊ गादी थोडी थोडी कुरतडली जाते हे तेव्हा तिला कोणी सांगितले नाही. कबड्डी सुटली, लग्न झाले, आणि आज पन्नाशीच्या आत ती जिना आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते. हळदीकुंकवाला गेली की तिच्यासाठी न सांगता खुर्ची पुढे केली जाते. तिची गोष्ट अपवादात्मक असती तर मी ती इथे लिहिली नसती. या लिगामेंटची किंवा गादीची मोठी दुखापत झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांच्या गुडघ्यात पुढच्या दहा ते वीस वर्षांत संधिवाताची लक्षणे दिसू लागतात, आणि शस्त्रक्रिया करून घेतली म्हणून हा धोका टळतो असेही नाही. पंधराव्या वर्षी ज्याला आपण 'खेळातली दुखापत' म्हणतो, ती तिशी-पस्तिशीत म्हाताऱ्या माणसाचा गुडघा होऊन समोर येते.

सरांनी हे व्यायाम स्वतःच्या मनाने काढलेले नव्हते. त्यांच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेली, कडा दुमडलेली चित्रांची दोन पत्रके असतात. फुटबॉलच्या जागतिक महासंघाने तयार करवलेल्या 'फिफा ११+' या कार्यक्रमाची ती इंटरनेटवर फुकट मिळतात. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या १८९२ मुलींवर तो एक संपूर्ण हंगाम पारखून पाहिला गेला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: हे व्यायाम करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. स्वीडनने याच्याही पुढे जाऊन नेमका एसीएलवर नेम धरला. तिथे बारा ते सतरा वर्षांच्या ४५६४ फुटबॉलपटू मुलींपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणींनी आठवड्यातून दोनदा, सरावाआधी पंधरा मिनिटे, गुडघा सांभाळण्याचे सहा व्यायाम केले. बाकीच्यांनी आपला नेहमीचा सराव केला. हंगामाअखेर लिगामेंट तुटण्याचे प्रमाण पहिल्या गटात ६४ टक्क्यांनी कमी भरले.

हे टक्के मोठे दिसतात, पण त्यांच्यामागचे आकडे बघितले की आपल्या सरांची खरी अडचण लक्षात येते. व्यायाम करणाऱ्या गटात सात मुलींचे लिगामेंट तुटले, न करणाऱ्या गटात चौदा जणींचे. हजारो मुलींमधून सात आणि चौदा. न करणाऱ्या गटात एका हंगामात साधारण दीडशे मुलींमागे एक, असे ते प्रमाण पडते. ज्या प्रशिक्षकाकडे वीस मुली आहेत, त्याला या हिशेबाने सात हंगामांत एखादी अशी दुखापत बघायला मिळेल, आणि तीही कदाचित मुलगी दुसऱ्या क्लबात गेल्यावर. मग तो म्हणणार, "माझ्याकडे कधी झालं नाही," आणि ते अगदी खरे असेल. ज्याने हे व्यायाम घेतले त्याच्याकडेही झाले नाही, ज्याने घेतले नाहीत त्याच्याकडेही झाले नाही. पकड यशस्वी झाली तर गुण मिळतो, सूर मारून गडी बाद केला तर शिट्टी वाजते. न तुटलेल्या लिगामेंटची नोंद गुणपत्रकात कुठेच नसते. नॉर्वेच्या महिला हँडबॉलमध्ये हेच घडले. तिथल्या वरच्या तीन विभागांत १९९८-९९ च्या हंगामात अशा २९ दुखापती झाल्या. तोल सांभाळण्याचे आणि उतरण्याचे व्यायाम सुरू केल्यावर पुढच्या दोन हंगामांत त्या २३ आणि मग १७ झाल्या. अभ्यास संपला, संशोधकांचे येणे-जाणे थांबले, संघांनी हळूहळू व्यायाम सोडून दिले आणि आकडा पुन्हा वर चढला. प्रशिक्षकांना पुन्हा हाताशी धरून शिकवावे लागले, तेव्हा तो परत खाली आला. एवढ्या सुखवस्तू, शिस्तीच्या देशात हे झाले म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला नावे ठेवण्यात काय अर्थ आहे?

या व्यायामांत डोळे दिपवणारे काही नाही. एका पायावर उभे राहायचे आणि जोडीदारणीने खांद्याला हलकेच ढकलायचे. पाठीवर झोपून, एक पाय दुमडून कंबर उचलायची. कोपरांवर शरीर तोलून धरायचे. एक पाय पुढे टाकून खाली जायचे, धावता धावता थबकून वळायचे, उडी मारून उतरायचे आणि उतरल्यावर क्षणभर तसेच थांबायचे. बैठका आहेतच. बैठकांच्या बाबतीत आपल्याकडे एक गमतीची अडचण आहे: आपल्याला त्या मोजायची सवय. आखाड्यात आणि शाळेच्या मैदानावर कोणी किती काढल्या याचीच चर्चा असते, आणि शेवटच्या पन्नासांत गुडघे कुठे पळतात याकडे कोणाचे लक्ष नसते. सर दहाच काढायला लावतात, पण समोर उकिडवे बसून प्रत्येक मुलीचा गुडघा आणि पायाचे दुसरे बोट एका रेषेत आहे का ते बघतात. नसेल तर ती बैठक मोजत नाहीत. मुलींच्या लेखी सगळ्यांत भयंकर व्यायाम म्हणजे नॉर्डिक. एकीने गुडघ्यांवर उभे राहायचे, दुसरीने मागून तिचे घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि पहिलीने कंबरेत अजिबात न वाकता आख्खे शरीर सावकाश पुढे सोडायचे. सुरुवातीला काहीच वाटत नाही. मग मांडीच्या मागचे स्नायू थरथरू लागतात, कानशिले लाल होतात, जबडा आवळला जातो, आणि माती नाकाच्या वीतभर अंतरावर आली की हात पुढे टाकून ती मुलगी सपशेल आडवी होते. घोटे धरणारी हसत असते, कारण पुढची पाळी तिची असते हे ती तेवढ्यापुरते विसरलेली असते. नडगीला पुढे घसरण्यापासून मागे खेचून धरणारे तेच हे स्नायू. लिगामेंटचा भार थोडा तरी ते उचलतात.

पंधरा मिनिटे म्हणजे काही फार नाही, असे लेख लिहिणाऱ्याला वाटते. मैदानावर ती फार असतात. शाळा सुटून, खाऊन, सायकल मारत मुली पोहोचतात तेव्हा उजेडाचा दीड तास उरलेला असतो. मॅटवर सराव करायचा असेल तर ती दुसऱ्या एका संस्थेच्या सभागृहात तासाच्या बोलीने मिळते, आणि सध्या सगळ्यांना मॅटच हवी असते. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये झालेला पहिला खो-खो विश्वचषक प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी जिंकला तो मॅटवर, आणि तेव्हापासून मातीतला खेळ पालकांना जुना वाटू लागला आहे. मॅटवर जोडा पकड घेतो, घसरत नाही, खेळ वेगवान होतो. पण पाय घसरत नाही तेव्हा पिळवटण्याचा सगळा भार गुडघ्यावर येतो. नॉर्वेच्याच हँडबॉलमध्ये लाकडी जमिनीपेक्षा जास्त पकडीच्या कृत्रिम जमिनीवर महिलांचे लिगामेंट तुटण्याचे प्रमाण अधिक दिसले होते. मातीवरून मॅटवर जाणाऱ्या मुलीला म्हणूनच उतरायला आणि वळायला नव्याने शिकवले पाहिजे, असे सरांचे म्हणणे आहे. तिथे मात्र घड्याळ लावलेले असते.

पालकांची घाईही समजण्यासारखी आहे. ऑगस्टपासून शालेय स्पर्धा सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग अशी चढण असते, आणि तीच मुलगी त्याच महिन्यांत शाळेकडूनही खेळते, क्लबकडूनही खेळते, शिवाय वयाने मोठ्या गटात एखादी कमी पडली म्हणून तिथेही उभी केली जाते. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. आमच्यासारख्या गावांत एका राज्य पातळीच्या प्रमाणपत्रावर घराची दिशा बदललेली मी बघितली आहे, म्हणून त्या धडपडीला हसणे मला जमत नाही. पण याच धडपडीतून गुडघ्याला पट्टी बांधून 'एवढी एक मॅच' खेळवली जाते. शस्त्रक्रिया झालेल्या मुलीला सहा महिन्यांत "आता चालतेस ना नीट?" असे विचारून परत बोलावले जाते. नवे लिगामेंट तिच्याच मांडीच्या किंवा गुडघ्याच्या कंडरेतून, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतून, बेतून बसवलेले असते आणि त्याला अंगात मुरायला अवकाश लागतो. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत मैदानावर परतणे जितके लांबवावे, तितका दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचा धोका सुमारे निम्म्याने उतरतो, असे नॉर्वेतल्याच एका अभ्यासात दिसले आहे. कोवळ्या वयात परतलेल्यांपैकी जवळजवळ चौघांत एकाचे लिगामेंट पुन्हा तुटते. कधी तेच, कधी दुसऱ्या पायाचे. या आकड्यांपुढे सवलतीच्या गुणांचा हिशेब कसा मांडायचा, हे सांगण्याइतकी मी शहाणी नाही. मात्र तो घाईने आणि मुलीला बाजूला ठेवून मांडला जातो, एवढे मला दिसते.

या पालकांमध्ये माझा भाऊही आहे. जिन्यावरून धडधडत उतरणारा तोच. "महिन्याची फी भरायची आणि अर्धा वेळ पोरी बाकावरून उड्या मारतात," अशी त्याची तक्रार होती. एका रविवारी तो ही तक्रार घेऊन मैदानावर आला. सरांनी वाद घातला नाही. त्याला एका पायावर उभे राहून अर्धी बैठक काढायला सांगितली. त्याने हसत हसत सुरुवात केली आणि गुडघा सरळ आत कलंडला, पाठोपाठ तोही. मुलींनी चांगलाच दंगा केला. त्याची तक्रार मात्र तेवढ्याने मिटली नाही. हे व्यायाम घरी करून घेतो, मैदानावर फक्त खेळ घ्या, असा नवा तोडगा त्याने काढला. सरांचे उत्तर होते की घरी कोणीतरी समोर बसून गुडघा बघणार असेल तर जरूर करा, नुसते आकडे मोजणार असाल तर नको.

म्हणून ते काम माझ्याकडे आले आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून भाची उड्या मारते आणि मी समोर बसून फोनवर चित्रीकरण करते. मग आम्ही दोघी ते सावकाश लावून, बोटाने मागेपुढे सरकवत बघतो. "आत्या, थांब, इथे थांबव," असे म्हणत ती स्वतःच्या गुडघ्याकडे एखाद्या परक्या वस्तूकडे पाहावे तशी निरखून बघते. डावा आता बोटांच्या रेषेत राहतो. उजवा ताज्या पायांनी ठीक असतो, पण दमल्यावर अजून आत येतो, आणि डाव तर शेवटी दमल्यावरच खेळायचा असतो. सरांनी तिला खांबाजवळचे वळसे सध्या कमी दिले आहेत आणि दिवाळीनंतर बघू म्हणतात. जिल्हा स्पर्धा दिवाळीच्या आधी आहेत. संघात तिचे नाव द्यायचे की नाही यावर घरात बोलणी चालू आहेत, आणि या खेपेस तिलाही बैठकीला बसवले आहे.